गंज इथेच का लागला? कारण शोधायला शिकणाऱ्यांसाठी

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या लाकडी तळावर तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा आणि तळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचा बंदोबस्त व्हावा, हा हेतू. दोनेक वर्षांनी जहाज परत आलं तेव्हा पत्रा ठीक होता, पण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. सगळे मात्र नाही. पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि तो कागद सगळीकडून नीट काढलेला नव्हता. जिथे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागद अडकून राहिला, तिथला खिळा शाबूत निघाला.

व्होल्टाची, म्हणजे पहिली, बॅटरी यायला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं होती. अॅनोड, कॅथोड हे शब्दही नव्हते. तरी कारण हाती लागलं: लोखंड आणि तांबं समुद्राच्या पाण्यात एकमेकांना टेकू द्यायचं नाही. वाचलेले खिळे कुणीतरी मोजले, म्हणून ते लागलं.

गंजाचा तपास शिकायचा तर मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. खराब झालेला तुकडा सगळेच बघतात. तुम्ही शेजारचा चांगला तुकडाही मागून घ्या. इथेच का आणि तिथे का नाही, या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत तपास संपलेला नसतो.

पहिली पायरी: हात आवरा

मी नवीन असताना एक गळका पाइप तपासायला आला. आत काळपट-लाल थर होता, खड्डे नीट दिसेनात. मी वायर ब्रश घेतला, खसाखसा घासलं, वर पाण्याने धुतलं. खड्डे झकास दिसू लागले. आमचे साहेब आले, पाइप हातात घेतला आणि विचारलं, “यातला मळ कुठंय?” मी बेसिनकडे बोट दाखवलं. “मग आता तिथेच विचार, कशाने गंजला ते.”

त्या पाइपचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

थर म्हणजे पुरावा. त्यातच क्लोराइड असतं, सल्फाइड असतं, जिवाणूंच्या खुणा असतात. म्हणून पहिला नियम: पुसायचं नाही, घासायचं नाही, तेल लावायचं नाही आणि तुटलेले दोन तुकडे ‘बसतात का बघू’ म्हणून एकमेकांना जुळवायचे नाहीत. तुटलेल्या कडा एकमेकांवर घासल्या की त्यावरच्या बारीक खुणा गेल्याच. गॅस कटरने कापायची घाई तर नकोच. कापावंच लागलं तर खराब जागेपासून बरंच लांब, करवतीने आणि शक्यतो कोरडं कापा. थर ओला असेल तर थोडा हवाबंद बाटलीत घ्या, बाकीचा तुकडा कोरडा करून सिलिका जेलच्या पुडीसोबत पिशवीत बंद करा. पिशवीवर तारीख, जागा, वरची बाजू कोणती आणि प्रवाहाची दिशा लिहा. हे चार शब्द न लिहिल्यामुळे किती तुकडे निकामी झाले याची मोजदाद नाही.

दुसरी पायरी: जागेचा नकाशा

आधी लांबून फोटो, मग मधून, मग जवळून. प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी ठेवा. आडव्या पाइपसाठी घड्याळाची भाषा वापरा: प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिल्यावर माथा म्हणजे बारा वाजता, तळ म्हणजे सहा वाजता. एवढ्यानेच अर्धी दिशा मिळते. सहा वाजता खड्डे असतील तर साचलेलं पाणी किंवा गाळ यांवर संशय घ्या. बारा वाजता असतील तर थंड माथ्यावर वाफ जमून ठिबकत असावी. चार आणि आठ वाजता सरळ रेष दिसली तर पाइप बराच काळ अर्धवट भरलेला राहिला असेल, आणि ती रेष म्हणजे पाण्याची पातळी.

वेल्डिंगपासूनचं अंतर, वळणं, गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती), आधाराची जागा, वेगळा धातू जिथे जोडला ती जागा, हे सगळं चित्रात दाखवा. हाताने काढलेलं वाकडंतिकडं चित्रही चालतं. आणि जिथे काहीच झालेलं नाही त्या जागा वेगळ्या रंगाने रंगवा.

तिसरी पायरी: आधी एक थेंब समजून घ्या

पुढे जाण्याआधी एक प्रयोग करून बघा, कारण त्यातून जे दिसतं ते पुस्तकाच्या दहा पानांनी पटत नाही. युलिक रिचर्डसन इव्हान्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. साधारण तीन टक्के मिठाच्या पाण्यात चिमूटभर पोटॅशियम फेरीसायनाइड (विरघळलेलं लोखंड भेटलं की निळं होतं) आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होतं) काही थेंब टाका. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या साध्या पोलादी पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा आणि हलवू नका. (फेरीसायनाइडजवळ आम्ल आणायचं नाही, विषारी वायू सुटू शकतो.)

सुरुवातीला थेंबाखाली इथे तिथे निळे-गुलाबी ठिपके उठतात. काही वेळाने ते आपापली जागा धरतात: मध्यभाग निळा, कड गुलाबी आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचं कडं. निळा रंग सांगतो की इथे लोखंड विरघळतंय, म्हणजे हा अॅनोड. गुलाबी रंग सांगतो की इथे प्राणवायू वापरला जाऊन अल्कली तयार होतेय, म्हणजे हा कॅथोड.

आता नीट बघा. हवा जास्त मिळते ती कड वाचली. हवा कमी मिळते तो मध्य खाल्ला गेला. नवख्याला हे उलटं वाटतं, पण वॉशरखाली, गाळाखाली, सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली, दोन पत्र्यांच्या फटीत गंज का लागतो याचं उत्तर या थेंबात आहे. शिवाय दिसणारा तपकिरी गंज जिथे जमला तिथे धातू गेलेला नाही, तो शेजारी गेलाय. गंजाचा डाग आणि गंजाचं मूळ या दोन जागा वेगळ्या असू शकतात.

चौथी पायरी: लोकांना विचारा

यंत्र केव्हा बसवलं, केव्हा पहिल्यांदा डाग दिसला, त्यात काय वाहतं, किती तापतं, मध्ये किती दिवस बंद होतं, कशाने धुतात, अलीकडे काय बदललं. हे प्रश्न कागदावर सोपे वाटतात. ‘काही बदललं नाही’ हे उत्तर हमखास मिळतं आणि बहुतेक वेळा ते प्रामाणिकही असतं, कारण गॅस्केटचा माल बदलला किंवा साफसफाईचं रसायन बदललं याला कुणी बदल मानतच नाही. म्हणून मोघम विचारू नका. ‘बंद असताना टाकीत पाणी होतं का?’ असं विचारा. आणि साहेबांइतकंच व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसालाही विचारा.

पाचवी पायरी: आकार वाचा

इथे वेळ घालवा.

सगळीकडे सारखी झीज असेल तर वातावरण किंवा द्रव यांच्यासाठी मुळात धातूच चुकीचा निवडलाय किंवा संरक्षक थर संपलाय. हा प्रकार त्यातल्या त्यात सज्जन, कारण तो मोजता येतो.

आजूबाजूला चकाकी आणि मध्ये टाचणीने टोचल्यासारखी भोकं, तोंड लहान आणि पोट मोठं, तर तो खड्ड्यांचा गंज, म्हणजे पिटिंग. स्टेनलेस स्टीलवर असं दिसलं की आधी क्लोराइड शोधा. ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ थोडं जास्त तग धरतं ते त्यातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे, पण तेही अजिंक्य नाही.

दोन धातूंच्या सांध्यावर एकच धातू खाल्ला गेला असेल, तर ‘अलार्म’ची गोष्ट आठवा. इथे क्षेत्रफळ फार महत्त्वाचं. तांब्याच्या मोठ्या पत्र्यात लोखंडी रिव्हेट मारलं तर रिव्हेट लवकर संपतं. लोखंडाच्या मोठ्या पत्र्यात तांब्याचं रिव्हेट मारलं तर तेवढाच प्रवाह मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि नुकसान बरंच हळू होतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यातही हेच झालं: तांब्याचं कातडं, लोखंडी सांगाडा आणि मधला ॲस्बेस्टॉस-लाखेचा थर कालांतराने निकामी. १९८६ साली पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेसच्या घातल्या.

पितळ जागच्या जागी तांबूस आणि स्पंजासारखं ठिसूळ झालं असेल, तर त्यातलं जस्त निघून गेलंय. आकार तोच राहतो, ताकद जाते. चाकूच्या टोकाने खरवडून बघा.

प्रवाहाच्या दिशेने वळणाच्या किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या पुढे घोड्याच्या टापांसारखे एकाच दिशेचे गुळगुळीत खड्डे असतील तर पाण्याचा वेग आणि गंज यांनी मिळून खाल्लंय. अशा खड्ड्यांत थर नसतो, तो वाहून गेलेला असतो.

भेगांचा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण धातूचं वजन जवळजवळ घटतच नाही. ताण, त्या धातूला नडणारं वातावरण आणि नाजूक धातू ही तिन्ही एकत्र आली की भेग पडते. इंग्रजी फौजेच्या पितळी काडतुसांना हिंदुस्थानात पावसाळ्यात भेगा पडत. हवा दमट, जवळच घोड्यांच्या पागा, मुतातून निघणारा अमोनिया आणि काडतूस ओढून घडवताना पितळात राहून गेलेला ताण. पितळ तापवून तो ताण काढून टाकला की भेगा थांबल्या. काडतुसावर बाहेरून कुणी जोर लावलेला नव्हता, हे ध्यानात घ्या. वेल्डिंग, वाकवणं, घट्ट पिळलेला बोल्ट, यांतून आत उरलेला ताणही पुरतो.

१९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी बंदिस्त जलतरण तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली. छत टांगलेलं होतं स्टेनलेसच्या सळ्यांवर. तलावाच्या हवेतून क्लोराइड त्या सळ्यांवर बसत होतं आणि तिथे ते धुऊन जाणारंही नव्हतं. स्टेनलेस म्हणजे निश्चिंती, असं कुणी म्हणालं की मला हे छत आठवतं.

झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली भेग बहुधा ताण-गंजाची. एकच सरळ भेग आणि तिच्या कापावर शिंपल्यावरच्या रेघांसारखी वलयं असतील तर धातू थकून तुटलाय. दोन्ही एकत्रही येतात.

सहावी पायरी: जागेवरच्या लहान चाचण्या

चुंबक, पीएच पेपर, भिंग, डिस्टिल्ड वॉटर आणि दोन-तीन रसायनं एवढ्यावर बरंच भागतं. थरातला चिमूटभर भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून गाळा, विरळ नायट्रिक आम्लाचा थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. तीच चाचणी नुसत्या पाण्यावर आणि चांगल्या जागेवरच्या धुळीवरही करा. तिथेही तेवढाच साका आला तर तुम्हाला काहीच सापडलेलं नाही.

काळा थर चुंबकाला जोरात चिकटला तर तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, असण्याची शक्यता जास्त. चिकटला नाही तर लोहाचं सल्फाइड असू शकतं. त्यावर आम्लाचा थेंब टाकला की सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो विषारी आहे, नाक जवळ नेऊ नका. अगदी कणभर नमुना मोकळ्या हवेत घ्या आणि वर लेड ॲसिटेटचा कागद धरा, काळा पडला की पुरे. टाकीतून खरवडलेला असा काळा मळ सुकला की आपोआप पेटू शकतो, म्हणून तो ओलाच ठेवा. सल्फाइड मिळालं म्हणजे जिवाणूच, असं मात्र लिहू नका. त्यासाठी ताजा नमुना वेगळ्या तपासणीला पाठवावा लागतो.

सातवी पायरी: आकडे

वजन किती घटलं यावरून वेग काढता येतो. घट मिलिग्रॅममध्ये घ्या, ८७.६ ने गुणा, मग घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), क्षेत्रफळ (चौरस सेंटिमीटर) आणि तास यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर वर्षाला किती मिलिमीटर ते येतं. समजा ५० चौरस सेंटिमीटरच्या पोलादी पट्टीचं वजन ७२० तासांत १२० मिलिग्रॅमने घटलं. पोलादाची घनता ७.८५ धरली तर वेग वर्षाला सुमारे ०.०३७ मिलिमीटर.

याची तुलना कशाशी करायची? आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवा धातूला किती गंजवते त्यानुसार तिचे वर्ग दिलेत. मध्यम वर्गाच्या, म्हणजे सी-३ हवेत साधं पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रोमीटर झिजतं, खूप तीव्र अशा सी-५ मध्ये ८० ते २००. साध्या हवेतला पत्रा वर्षात एक मिलिमीटर गेला असेल तर दोष नुसत्या हवेला देऊन भागणार नाही, तिथे दुसरं काहीतरी आहे.

खड्डे असतील तर ही सरासरी विसरा. सगळ्यांत खोल खड्डा मोजा, कारण गळती तिथूनच होते.

आठवी पायरी: संशयितांना चांगल्या जागेसमोर उभं करा

एका ३०४ स्टेनलेसच्या टाकीला सहा महिन्यांत तळाच्या वेल्डिंगजवळ भोकं पडली. आत साधं, चांगल्या दर्जाचं पाणी. वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना निळसर-तपकिरी झाक होती, आणि खड्डे नेमके त्या झाकेवर. अशा झाकेखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि ती आम्लाने साफ करायची असते, ते केलेलं नव्हतं. माझ्या सोबतच्या मुलाने तिथल्या तिथे निकाल लिहिला: वेल्डिंग नीट साफ केलं नाही.

मी त्याला टाकीच्या वरच्या भागात टॉर्च मारायला सांगितलं. वरच्या वेल्डिंगवरही तशीच झाक, तेवढीच गडद. खड्डा एकही नाही.

म्हणजे झाक एकटी पुरेशी नव्हती. तळात असं काय होतं जे वर नव्हतं? भिंतीवर तळापासून दोन बोटं उंचीवर पांढुरकी रेष गोल फिरलेली होती. आम्ही ऑपरेटरला विचारलं, दाबाच्या चाचणीनंतर (टाकीत पाणी भरून दाब देतात ती) पाणी काढलं होतं का. “काढलं की. व्हॉल्व्ह उघडाच ठेवला होता.” खोटं काही नव्हतं. पण पाणी बाहेर जायचं तोंडच तळापेक्षा दोन बोटं वर बसवलेलं होतं. राहिलेलं पाणी बंद टाकीत दोन महिने हळूहळू आटत गेलं आणि क्लोराइड घट्ट होत गेलं. रेषेवरच्या पांढऱ्या भुकटीने सिल्व्हर नायट्रेटला लगेच साका दिला. पाण्याची चाचणी चालू वापराच्या पाण्यावर केली असती तर सगळं छान आलं असतं.

प्रत्येक संशयिताला हेच विचारा: तू कारण असशील तर ती दुसरी जागा कशी वाचली? उत्तर देता आलं नाही तर कारण अपुरं आहे, किंवा चुकलंय.

प्रयोगशाळेत कधी जायचं

भेग असेल, माणसांच्या जिवाला धोका असेल किंवा धातूचा ग्रेडच खोटा असल्याचा संशय असेल तर लगेच. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला, ४६ माणसं गेली. मूळ होतं पुलाला तोलणाऱ्या साखळीतल्या एका पट्टीच्या छिद्राच्या आतल्या बाजूला, सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेगेत. ती जागा सांधा न उघडता बघण्याची सोयच नव्हती. लॅबला तुकडा पाठवताना ‘तपासून द्या’ एवढंच लिहू नका. भेग धातूच्या कणांच्या सीमेवरून गेली की कणांमधून, ग्रेड सांगितलेलाच आहे का, थरात कोणती मूलद्रव्यं आहेत, असे नेमके प्रश्न लिहा. आणि सोबत चांगला तुकडाही पाठवा.

धातू नसेल तर

पद्धत तीच. रबराच्या भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात आणि नेमक्या ताणलेल्या भागावर असतील तर ओझोनकडे बघा, सैल भाग बहुधा शाबूत असेल. पारदर्शक प्लॅस्टिक स्क्रूभोवतीच तडकलं असेल तर स्क्रू किती पिळला आणि कोणत्या द्रावकाने पुसलं ते विचारा. संगमरवरावर काळं कवच आडोशाला जमतं, पाऊस जिथे धुऊन काढतो तिथे दगड पांढरा राहतो पण झिजतो. काँक्रीटचे पोपडे उडाले असतील तर ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन मारा. गुलाबी झालं तिथे अल्कली शिल्लक आहे. रंगच आला नाही तो थर सळीपर्यंत पोचला असेल तर सळीचं संरक्षण गेलं. सगळं गुलाबी असूनही सळी गंजली असेल तर मात्र क्लोराइड मोजा.

उपाय लिहिण्याआधी

कारण सापडल्यावर उपाय सुचवायची सुरसुरी येते. तेव्हा एवढं बघा की तो गंज तिथे एखादं काम तर करत नव्हता.

‘अलार्म’नंतर साठेक वर्षांनी, १८२४ साली हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्यालाच गंजण्यापासून वाचवायचं ठरवलं. तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे लहान तुकडे जोडले. युक्ती अचूक होती, तांबं विरघळायचं जवळजवळ थांबलं. पण विरघळणारं तांबंच शिंपल्यांना मारत होतं. आता तळ शेवाळ-शिंपल्यांनी भरला, जहाजं मंदावली आणि नौदलाला ते तुकडे काढून टाकावे लागले.